माळ्यावरचे डंजन मॅप: स्कॅन करण्यापासून शेअर करण्यापर्यंत

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माळा साफ करायला काढला तेव्हा कोपऱ्यातून एक रेक्झिनची बॅग खाली आली, आत ग्राफच्या दोन वह्या आणि सुट्या कागदांचा गठ्ठा, आणि बायकोने विचारलं ही कुणाची जर्नलं आहेत, रद्दीत टाकू का? मी शिडीवरूनच नको म्हणून ओरडलो. त्या वह्यांमध्ये २००४ ते २००७ असं तीन वर्षांचं आमचं हॉस्टेल होतं. पुण्यात इंजिनिअरिंगला असताना दर शनिवारी रात्री मेसचं जेवण उरकलं की आम्ही सहा जण एका खोलीत डंजन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन बोलत बोलत गोष्ट पुढं न्यायचा फाशांचा खेळ) खेळायला बसायचो, आणि आमच्या डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा), तो मूळचा नगरचा, स्वतः पेन्सिलने काढलेले सगळे डंजन मॅप, म्हणजे खेळातल्या भुयारांचे नकाशे, त्या बॅगेत होते, परदेशी शिकायला जाताना तो ते माझ्याकडे ठेवून गेला होता.

पुढच्या पाच-सहा महिन्यांत मी ते सगळे कागद स्कॅन केले, लोकांना वापरायला खुले केले, आणि हे करताना बऱ्याच गोष्टी उशिरा कळल्या, एक चूक तर अशी झाली की अजून हळहळ वाटते, ती पुढे सांगतोच. ज्यांच्याकडे असे मॅप पडून आहेत पण सुरुवात कुठून करायची कळत नाही, किंवा ज्यांना वाटतं की आपल्या वेड्यावाकड्या रेघा कोण बघणार, त्यांच्यासाठी हे लिहितोय. माझं म्हणणं एकच आहे आणि ते प्रत्येक पायरीला परत येईल: मॅप आधी जसाच्या तसा जपा, खोडलेल्या रेघा, चहाचे डाग, कडेला केलेली बेरीज-वजाबाकी सगळ्यासकट, आणि मगच तो देखणा करायच्या मागे लागा.

ज्यांना हा प्रकारच नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडंसं

डंजन्स अँड ड्रॅगन्स हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत आला, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांचा, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा नावाच्या गावातल्या टीएसआर कंपनीने छापलेला. पण तो छापला जायच्या आधीच आर्नेसन तिकडे मिनेसोटात मित्रांना ब्लॅकमूर किल्ल्याखालच्या भुयारांमध्ये फिरवत होता आणि गायगॅक्सने स्वतःच्या गावात ग्रेहॉक किल्ल्याखाली मजल्यावर मजले काढले होते, आणि दोघांचंही सामान म्हणजे पेन्सिल, फासे आणि चौकोनांचा कागद. एक चौकोन म्हणजे १० फूट. भिंत म्हणजे जाड रेघ, दरवाजा म्हणजे रेघेवरचा छोटा आयत, जिना म्हणजे बारीक आडव्या रेघांची शिडी, आणि भिंतीत एस अक्षर असेल तर तिथं गुप्त दरवाजा. प्रत्येक खोलीला नंबर, आणि वेगळ्या कागदावर त्या नंबरांची यादी की कुठल्या खोलीत काय आहे, हिलाच की म्हणतात. ही पद्धत इतकी साधी होती की शाळेतली पोरंसुद्धा घरी बसून आपापलं डंजन काढायला लागली, आणि म्हणूनच जगभरात लोकांच्या माळ्यावर, बेसमेंटमध्ये असे ढिगाने कागद पडलेत जे कधीच कुठे छापले गेले नाहीत.

आता एक गोष्ट नवीन लोकांना माहीत नसते आणि ती फार महत्त्वाची आहे. मॅप दोन जातीचे असतात. एक डीएमचा, जो पडद्यामागे असतो आणि खरा असतो. दुसरा खेळाडूंचा, आणि हा ऐकून काढलेला असतो. जुन्या खेळात डीएम मॅप दाखवायचा नाही, तो फक्त तोंडाने सांगायचा, बोळ उत्तरेला ३० फूट जातोय, मग डावीकडे वळतोय, उजव्या हाताला लाकडी दरवाजा, आणि खेळाडूंपैकी एक जण, त्याला मॅपर म्हणायचे, ते ऐकून आपल्या कागदावर काढत जायचा. ऐकण्यात चूक झाली की मॅप चुकला, आणि मॅप चुकला की अख्खी टोळी भलत्याच ठिकाणी. तेव्हा तुमच्याकडे दोन्ही जातीचे कागद असतील तर दोन्ही ठेवा. खेळाडूचा चुकीचा मॅप "चुकीचा आहे" म्हणून फेकायचा नाही, माझ्या मते तर तोच जास्त मोलाचा, कारण डीएमचा मॅप म्हणजे खेळाआधीची तयारी आणि मॅपरचा मॅप म्हणजे प्रत्यक्ष झालेला खेळ.

पायरी १: कागद वेगळे करा, पण फार वेगळे करू नका

गठ्ठा उघडला की आपला पहिला हात जातो तो मॅप एका बाजूला आणि बाकी "फालतू" कागद दुसऱ्या बाजूला करायला. थांबा. कागद ज्या क्रमाने सापडले तो क्रमच कधीकधी सांगतो की कुठली की कुठल्या मॅपची, कारण पोरं कधी वर नाव लिहीत नाहीत. मी आधी प्रत्येक कागदाच्या मागे कोपऱ्यात मऊ पेन्सिलने हलक्या हाताने नंबर टाकले, बॅगेतून निघाले त्याच क्रमाने, आणि मगच हलवाहलव केली. पेनने नंबर टाकू नका, शाई दुसऱ्या बाजूला उमटते.

टाचण्या आणि स्टेपलच्या पिना आपल्याकडच्या हवेत हमखास गंजतात आणि कागदाला तांबूस भोक पाडतात. त्या काढायच्या, पण ओढून नाही, मागून पिनेचे दोन पाय बोथट सुरीने उघडायचे आणि मग अलगद सोडवायची. सेलोटेप लावलेली असेल तर तिला हात लावू नका, ती वाळून आपोआप सुटत असेल तर ठीक, नाहीतर कागदाचा वरचा थर पेन्सिलीच्या रेघेसकट उचलून येतो. कागद दमट असतील तर सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर, एकेक सुटा पसरून वाळवा, उन्हात नको आणि कृपा करून इस्त्री नको. कसर लागली असेल तर मऊ ब्रशने झटका आणि ते कागद बाकीच्यांपासून लांब ठेवा.

आणि लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे महत्त्वाचा कागद म्हणजे लॅमिनेट करून आणायचा ही सवयच आहे, मार्कशीट असो की जन्मदाखला. पण लॅमिनेशनमध्ये उष्णतेने प्लास्टिक कागदाला कायमचं चिकटतं, ते परत काढता येत नाही, आणि वर चकाकी येते ती स्कॅनमध्ये पांढरे पट्टे पाडते. खूप हळवा कागद असेल तर साधं पारदर्शक फोल्डर पुरे.

पायरी २: हा मॅप कुणाचा?

बॅग माझ्या माळ्यावर होती म्हणून मॅप माझे झाले का? नाही झाले. भारतातल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्राच्या व्याख्येतच नकाशा, आकृती, आराखडा हे सगळं येतं, आणि हक्क असतो काढणाऱ्याचा, कुठं नोंदणी केली नसली तरी, आणि तो त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. कायदा बाजूला ठेवला तरी साधी गोष्ट आहे, मित्राने रात्र रात्र जागून काढलंय, त्याला विचारायला नको? मी आमच्या डीएमला मेसेज केला, सोबत एका पानाचा फोटो पाठवला, आणि दहा मिनिटांत त्याचा फोनच आला, अरे हे तुझ्याकडे अजून आहे? अर्धा तास बोलला. परवानगी तर दिलीच पण कुठल्या खोलीत काय घडलं होतं हेही त्यानेच आठवून आठवून सांगितलं, ते मी लगेच लिहून घेतलं. म्हणजे विचारण्याचा फायदा नुसता परवानगीचा नाही, माहिती मिळते ती वेगळीच.

मग गठ्ठ्यात असे कागदही सापडतील जे तुमच्या गटातल्या कुणीच काढलेले नाहीत. छापील साहसाचा, म्हणजे कंपनीने तयार करून विकलेल्या गोष्टीचा, मॅप बघून कुणीतरी जसाच्या तसा उतरवलेला असतो, किंवा सरळ झेरॉक्स असते. टीएसआरच्या जुन्या छापील साहसांचे मॅप फिक्या निळ्या शाईत असायचे, कारण त्या काळच्या झेरॉक्स मशीनला तो निळा रंग नीट पकडता यायचा नाही, तेव्हा तसा निळा मॅप किंवा त्याची अंधुक झेरॉक्स दिसली की समजा हे आपलं नाही, ते शेअर करायचं नाही. उतरवलेल्यावर कुणी आपली भर घातली असेल, म्हणजे छापील मॅपच्या कडेला स्वतःचं एक भुयार जोडलंय वगैरे, तर ते भुयार दाखवा आणि बाकीचं वगळा, मी तरी तसंच केलं.

अजून एक. कागदांच्या कडेला काय काय लिहिलेलं असतं ते नीट वाचा. आमच्या वहीत दोघांचे घरचे लँडलाइन नंबर होते, मेसच्या उधारीची यादी होती, आणि एका मुलीचं नाव तीन वेळा लिहिलेलं होतं ज्याचा डंजनशी काही संबंध नव्हता. हे मूळ कागदावर राहू द्या, मूळ स्कॅनमध्येही राहू द्या, पण लोकांना द्यायच्या कॉपीत झाका. खेळाडूंची खरी नावं टाकायची तर प्रत्येकाला विचारून, नाहीतर पात्रांची नावं पुरेत.

पायरी ३: स्कॅन

इथं मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे आणि हीच पायरी लोक घाईत उरकतात.

झाकण उघडून काचेवर कागद ठेवायचा, तो साधा फ्लॅटबेड स्कॅनर सगळ्यात चांगला. वरून कागद आत ओढून घेणारा स्कॅनर जुन्या कागदांना वापरू नका, एकदा अडकला की फाटला. काच आधी पुसून घ्या. सेटिंगमध्ये ६०० डीपीआय, म्हणजे एका इंचात ६०० ठिपके, ठेवा. फक्त वाचण्यापुरतं ३०० चालतं, पण पेन्सिलीच्या पुसट रेघा आणि खोडरबरच्या खुणा ६०० मध्येच नीट येतात. ए-फोर पान ६०० ला स्कॅन केलं की ४९६० बाय ७०१६ पिक्सेल होतं, रंगीत असेल तर दाबून लहान न करता साधारण १०० एमबी. मोठं वाटतं, पण आजकालच्या पेनड्राइव्हला त्याचं काही नाही.

मॅप नुसत्या पेन्सिलीचा असला तरी स्कॅन रंगीतच करा. ब्लॅक अँड व्हाइट मोड तर अजिबात नको, त्यात मशीन प्रत्येक ठिपक्याला काळा की पांढरा एवढंच ठरवतं आणि हलक्या रेघा सरळ गायब होतात. ग्राफच्या छापील रेघांचा रंग पुढं फार कामाला येतो, तो कसा ते पुढच्या पायरीत. स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप सुधारणा करणारे, बॅकग्राउंड पांढरं करणारे जे पर्याय असतात ते सगळे बंद करा. फाइल टिफमध्ये सेव्ह करा, नाहीतर पीएनजीमध्ये. जेपेग प्रत्येक वेळी सेव्ह करताना चित्रातली थोडी माहिती टाकून देतो, बारीक रेघांच्या आजूबाजूला धूळ उडाल्यासारखं दिसायला लागतं.

कागद पातळ असेल आणि मागच्या बाजूचं लिखाण पुढं दिसत असेल तर कागदाच्या पाठीला काळा कार्डशीट ठेवून स्कॅन करा. पान थोडं राखाडी येतं पण मागचं भूत निघून जातं. मोठा कागद असेल तर दोन-तीन तुकड्यांत घ्या, प्रत्येक तुकडा आधीच्यावर निदान दोन-तीन सेंटीमीटर चढलेला असू दे म्हणजे जोडताना खुणा जुळवता येतात. आणि निदान एका स्कॅनमध्ये कागदाच्या शेजारी स्टीलची पट्टी ठेवा, नंतर चौकोन खरंच किती मोठा होता हा प्रश्न येतोच.

घरी स्कॅनर नसेल तर झेरॉक्सच्या दुकानात जा, पण तिथं उभं राहून सांगा, रंगीत पाहिजे, ६०० पाहिजे, टिफ किंवा पीएनजी पाहिजे, पेनड्राइव्हवर पाहिजे, कारण न सांगता दिलं तर बहुतेक वेळा दाबून छोटी केलेली पीडीएफ हातात येते. गर्दी नसते अशा वेळी जा, दुपारी वगैरे, काकांना काय आहे ते दाखवा, मला तर एका काकांनी काच दोनदा पुसून दिली.

फोनने काढायचा तर सकाळच्या उजेडात खिडकीजवळ, थेट ऊन नको, फ्लॅश बंद. कागद सपाट टेबलावर, फोन बरोबर वर, कागदाला समांतर. तिरका फोटो आला की चौकोनाचे पतंग होतात आणि ते नंतर कितीही सरळ केले तरी कुठंतरी चुकतात. स्कॅनिंग अॅप वापरू नका, निदान त्यातला जादूचा फिल्टर तरी बंद ठेवा, तो पावतीसाठी बनवलेला आहे, पेन्सिल त्याला कचरा वाटते. आणि मित्राला व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर चित्र दाबलं जातं आणि खोल्यांचे नंबर वाचता येत नाहीत.

पायरी ४: मूळ फाइलला हात नाही

स्कॅन झाला की त्या फाइलचं नाव टाका, ज्यात कागदाच्या मागचा नंबर असेल आणि "मूळ" हा शब्द असेल, आणि तिची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवा, ड्राइव्हवर, बहिणीच्या लॅपटॉपवर, कुठंही. यापुढं काम कॉपीवर.

आता ती चूक. आमच्या डीएमचा एक मॅप होता, वाळवंटातल्या मठाखालची भुयारं, तो मी सगळ्यात आधी घेतला कारण माझा आवडता. स्कॅन केला आणि उत्साहात त्याच फाइलवर सफाई सुरू केली, डाग घालवले, रेघा गडद केल्या, सेव्ह केलं, आणि त्यानंतर कागद परत वहीत ठेवताना हातातून पाण्याचा ग्लास सांडला. पान वाचलं, पण खालचा उजवा कोपरा धुतला गेला. आणि त्याच कोपऱ्यात ती जागा होती. दुसऱ्या वर्षी आमच्या मॅपरने, तो नागपूरचा, एक बोळ ऐकण्यात दोन चौकोन जास्त काढला होता, म्हणजे त्याच्या कागदावर बोळ आणि शेजारची खोली यांच्यामध्ये रिकामी जागा उरली, आणि आम्हाला सगळ्यांना खात्री पटली की तिथं काहीतरी लपवलंय. दीड तास आम्ही ती भिंत ठोकत होतो. डीएम काही बोलला नाही. पण पुढच्या शनिवारी आम्ही परत ठोकायला गेलो तर तिथं खरंच एक चिंचोळी खोली निघाली, त्याने आठवड्यात आपल्या मॅपवरची भिंत खोडून ती खोली घुसवली होती. मूळ पानावर ते दिसायचं, खोडलेल्या भिंतीची पुसट खूण, आणि तिच्यावर वेगळ्या, जास्त काळ्या पेन्सिलीने काढलेली नवीन भिंत. माझ्या साफ केलेल्या फाइलमध्ये फक्त नवीन भिंत आहे. जुनी खूण मी स्वतः डाग समजून पुसली.

म्हणून सांगतो, मूळ फाइल वेगळी, कामाची वेगळी, आणि हे पहिल्याच पानापासून.

पायरी ५: सफाई, बेताची

गिम्प नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात सगळं होतं. आधी चित्र फिरवून चौकोनांच्या रेघा सरळ करा. मग लेव्हल्समध्ये जाऊन पांढरा बिंदू कागदाच्या रंगापर्यंत आणा आणि काळा बिंदू रेघेच्या जवळ, पण दोन्ही थोडे आधीच थांबवा, कागद कागदासारखा दिसायला हवा, दुधासारखा पांढरा नको.

ग्राफच्या रेघा फिक्या करायच्या असतील तर इथं रंगीत स्कॅनचा उपयोग. रंगीत चित्र म्हणजे लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचं असतं, आणि निळी रेघ निळ्या थरात जवळजवळ पांढरी दिसते, तर पेन्सिल तिन्ही थरांत सारखीच काळी. म्हणजे निळ्या रेघांचा कागद असेल तर निळा थर वेगळा काढा, चौकोन विरून जातात आणि भिंती उरतात. अमेरिकन मॅप बघाल तर निळ्या किंवा हिरव्या रेघांचे, इंचात चार चौकोनवाले भेटतील. आमच्या वह्या जर्नलच्या ग्राफच्या, रेघा केशरी, एक सेंटीमीटरचा चौकोन आणि आत मिलिमीटरचं जाळं, त्याला लाल थर घेतला आणि जाळं झटक्यात गेलं. एक काळजी घ्या, कागद पिवळा पडला असेल तर निळ्या थरात तो पिवळेपणा करडा होऊन अंगावर येतो, मग लेव्हल्स परत थोडं हलवावं लागतं.

भिंती परत गिरवू नका. हाताची रेघ थरथरते, कोपऱ्यात थोडी पुढं जाते, त्यातच मजा आहे. नवीन देखणा मॅप काढायचाच असेल तर तो वेगळा काढा आणि जुन्यावरून काढलाय असं लिहा. डायसन लोगोस या नावाने काम करणारा कॅनडातला मॅपकार आहे, खडकाच्या जागी आडव्या-उभ्या छोट्या रेघांचे झुबके भरायची त्याची पद्धत इतकी पसरली की लोक तिला त्याच्याच नावाने ओळखतात, ती शिकून तुम्ही मस्त नवीन आवृत्ती करू शकता. पण ती जुन्याची जागा घेणार नाही.

पायरी ६: की टाइप करा

कीशिवायचा मॅप म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट. खोली १२ मध्ये काय होतं हेच कळलं नाही तर समोरचा माणूस फक्त रेघा बघून पुढं जातो. म्हणून कीचं पानही स्कॅन करा आणि शिवाय टाइप करा, कारण वीस वर्षांपूर्वीचं पेन्सिलीचं अक्षर तिऱ्हाइताला लागत नाही.

टाइप करताना सुधारू नका. आमच्या कीमध्ये अर्धं मराठी अर्धं इंग्रजी होतं, "खोली ४, गॉब्लिन ६, एक झोपलाय, पेटीखाली विंचू, पेटी रिकामी!!" आणि एका ठिकाणी नुसतं "इथं यांना रडवायचं". मी ते तसंच ठेवलं आणि मराठी न येणाऱ्यांसाठी वेगळ्या पानावर सोपं इंग्रजी करून दिलं. जे शब्द वाचताच येत नाहीत तिथं चौकोनी कंसात "वाचता येत नाही" असं लिहा, अंदाजाने भरू नका. डीएमने स्वतःची चिन्हं वापरली असतील तर त्यांची यादी करा, आमच्याकडे खड्ड्याला फुली होती आणि फसव्या दरवाज्याला डोळा.

सोबत अर्ध्या पानाची टिपण पुरेशी आहे: मॅप कधीचा, कुठं खेळला, नियमांची कुठली आवृत्ती, पात्रं कुठल्या लेव्हलची, किती शनिवार चालला, कोण मेलं. एका चौकोनाचे किती फूट हे लिहायला विसरू नका, कारण जुन्या मॅपमध्ये १० फूट असतात आणि २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून लढाईचा चौकोन ५ फुटांचा, त्यामुळं न लिहिल्यास कुणीतरी तुमचं भव्य सभागृह मोरीएवढं समजून खेळवतं.

पायरी ७: ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी वेगळी कॉपी

आता बरेच लोक टेबलाऐवजी स्क्रीनवर खेळतात. त्यासाठी रोल-ट्वेंटी आणि फाउंड्री अशी सॉफ्टवेअर आहेत, रोल-ट्वेंटीमध्ये एक चौकोन ७० पिक्सेलचा धरतात, फाउंड्रीमध्ये सुरुवातीला १००. ६०० डीपीआयच्या स्कॅनमध्ये पाव इंचाचा चौकोन १५० पिक्सेल येतो आणि एक सेंटीमीटरचा साधारण २३६, तेव्हा आपल्या चौकोनाला पाहिजे त्या आकड्यावर आणण्यासाठी चित्र किती टक्के लहान करायचं हा साधा त्रैराशिकाचा हिशोब. १० फुटांचा जुना मॅप असेल तर जुना एक चौकोन म्हणजे नवीन दोन बाय दोन, म्हणजे ७० ऐवजी १४० धरा. हाताने मोजून काढलेले चौकोन एका टोकाला जुळले तरी दुसऱ्या टोकाला सरकतात, अशा वेळी मॅपच्या मधल्या भागाला जुळवा.

या कॉपीत खोल्यांचे नंबर, एस अक्षरं, सापळ्यांच्या खुणा पुसा, म्हणजे खेळाडूंना दाखवता येईल. १९७६ मध्ये सुरू झालेली जजेस गिल्ड कंपनी त्या काळातच डीएमसाठी एक आणि खेळाडूंसाठी दुसरा, कमी माहितीचा मॅप छापायची, तीच पद्धत.

पायरी ८: लायसन्स लिहा

"कुणीही वापरा" असं नुसतं लिहिलं तर सज्जन माणूस घाबरून वापरत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सची तयार लायसन्स आहेत, त्यातलं एक निवडा. सीसी बाय म्हणजे काहीही करा, विका सुद्धा, फक्त नाव द्या. बाय-एसए म्हणजे त्यावरून जे कराल तेही असंच खुलं ठेवा, एका पानात अख्खं डंजन मांडायची जी स्पर्धा २००९ पासून सुरू झाली तिच्यात हेच लायसन्स असतं. एनसी लावलं तर पैशासाठी वापर बंद. सीसी झीरो म्हणजे सगळे हक्क सोडले. एकदा दिलेलं लायसन्स ज्यांनी घेतलं त्यांच्याकडून परत घेता येत नाही, म्हणून काढणाऱ्याला नीट समजावून मगच. आमच्या डीएमने सीसी बाय निवडलं, म्हणाला कुणी छापून विकलं तरी विकू दे, मठाचं नाव तेवढं बदलू नका म्हणावं.

की मधल्या राक्षसांचं काय, असंही विचारतात. जानेवारी २०२३ मध्ये पाचव्या आवृत्तीच्या मूळ नियमांचा मोठा भाग, ज्याला एसआरडी ५.१ म्हणतात, सीसी बायखाली खुला झाला, त्यातले गॉब्लिन, सांगाडे, घूल वगैरे नाव देऊन बिनधास्त वापरा. पुस्तकातून उतरवलेले परिच्छेद मात्र काढून टाका.

पायरी ९: कुठं ठेवायचं, आणि कागदाचं काय

इंटरनेट आर्काइव्हवर फुकट ठेवता येतं आणि मूळ मोठी फाइलही तशीच राहते, मी तिथं ठेवलं. एका मॅपचं सगळं एकाच ठिकाणी टाका: मूळ स्कॅन, साफ केलेला, खेळाडूंसाठीचा, की, टिपण. वर्णनात साधे शब्द लिहा जे लोक शोधतात, किल्ला, मठ, गुहा, किती लेव्हल, कुठली आवृत्ती.

कुणाला वाटेल पोरांच्या वह्या एवढ्या जपायच्या कशाला, तर न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरला द स्ट्राँग नावाचं खेळांचं राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथं खेळणाऱ्यांनी स्वतः काढलेल्या मॅप आणि कागदांचा अख्खा संग्रह, प्लॅग्माडा नावाचा, जपून ठेवलाय. त्यात शाळकरी मुलांनी घरी बनवलेली साहसं आहेत, अशाच पेन्सिलीतली.

मूळ कागद आडवे, सपाट, घडी न घालता फोल्डरमध्ये, लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीला लागून नाही कारण पावसाळ्यात ती भिंत घाम गाळते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गणपतीच्या सुमारास बदला. माळ्यावर परत नका टाकू.

मॅप टाकून दोन महिने झाले असतील, नागपूरच्या आमच्या मॅपरने ते पाहिले. त्याने आईला सांगून तिकडच्या घरातली जुनी ट्रंक उघडायला लावली आणि मला त्याच्या कागदाचा फोटो पाठवला, डॉक्युमेंट म्हणून, पट्टी शेजारी ठेवून. मठाखालची भुयारं, त्याने ऐकली तशी. तो मी डीएमच्या मॅपच्या शेजारी लावलाय, त्याच पानावर, एकाच मापाने. डीएमच्या पानावर जिथं आता ती चिंचोळी खोली आहे, तिथं याच्या कागदावर दोन चौकोन कोरे आहेत आणि त्यांच्याभोवती पेनने गोल केलाय, बाजूला लिहिलंय, "इथे काहीतरी आहे. नक्की."